परसातील झाडांच्या रोगखुणा : प्रकल्प नोंदी, मे 2024 ते मार्च 2025

19 मे 2024

दापोली तालुक्यातील आमच्या आळीत बहुतेक घरांमागे लहानमोठे आगर आहे. माड आणि पोफळी मुख्य, गडग्याच्या (दगडी कुंपणाच्या) कडेने हापूसची कलमे, एखादा जुना रायवळ आंबा, फणस, रातांबा, आणि मोरीच्या पाण्यावर वाढलेले लिंबू व पेरू अशी त्याची साधारण मांडणी असते. ही झाडे घरापुरती असतात, म्हणून त्यांच्याकडे रोगाच्या दृष्टीने सहसा कोणी पाहत नाही. बागायतदाराकडे फवारणीचे वेळापत्रक असते. परसातल्या एकट्या लिंबाच्या वाट्याला ते येत नाही, आणि झाड उभे वाळले की मगच चर्चा सुरू होते. आमचे आगर आणि शेजारच्या तीन घरांची आगरे पुढील मार्चपर्यंत ठरलेल्या पद्धतीने पाहायची, दिसलेली खूण तारखेसह लिहायची आणि निदान होईपर्यंत कोणतेही औषध वापरायचे नाही, असे आज ठरले.

पाहण्याचा क्रमही ठरवून घेतला. आधी वीसेक पावले दूर उभे राहून संपूर्ण झाड पाहायचे, मग थेट बुंध्याशी जायचे, तेथून खोड आणि फांद्या, आणि पान सर्वांत शेवटी. हा क्रम मुद्दाम उलटा ठेवला आहे, कारण घरोघरी तपासणी पानापासून सुरू होते आणि पानावरच संपते. बुंध्याकडे वाकून कोणी पाहत नाही. प्रत्येक खुणेसोबत चार गोष्टी लिहायच्या आहेत : ती जुन्या पानांवर आहे की नव्या, झाडाच्या सर्व बाजूंना आहे की एकाच बाजूला, शेजारच्या त्याच जातीच्या झाडावर आहे का, आणि वेगळ्या जातीच्या झाडावरही तशीच आहे का. शेवटचा प्रश्न विशेष उपयोगाचा आहे. आंबा, पेरू आणि जास्वंद या तिघांची पाने एकाच आठवड्यात कडेने करपली, तर कारण बहुधा रोगाचे नसून पाण्याचे, मातीचे किंवा कोणीतरी मारलेल्या तणनाशकाचे असते.

नोंदवहीत दोन रकाने आखले आहेत. डाव्या रकान्यात झाडाने दिलेला प्रतिसाद लिहायचा, म्हणजे पिवळेपणा, मलूलपणा, पानगळ, डिंक. उजव्या रकान्यात रोगकारकाचे प्रत्यक्ष शरीर दिसले तर ते लिहायचे, म्हणजे बुरशीची पांढरी वाढ, भुकटी, बीजाणूंचे पुंजके, खोडावरची अळंबी. डावा रकाना लवकर भरेल यात शंका नाही. निर्णय मात्र शक्यतो उजव्या रकान्यावरून घ्यायचा आहे.

26 मे 2024

रोग दिसण्याआधी औषध नाही, या नियमाला एकच अपवाद ठेवला आहे आणि तो पोफळीचा. कोळे रोगाचा, म्हणजे पावसात हिरव्या सुपाऱ्या कुजून गळण्याचा, प्रादुर्भाव या आगरांना दरवर्षीचा आहे, आणि पाऊस सुरू झाल्यावर पोफळीवर चढून फवारणे कठीण व धोक्याचे असते. त्यामुळे एक टक्का बोर्डो मिश्रणाची पहिली फवारणी आज उरकली.

मिश्रण करण्याची पद्धत येथे लिहून ठेवतो, कारण बिघाड बहुतेक वेळा येथेच होतो. दहा लिटरसाठी मोरचूद (तांब्याचे सल्फेट) 100 ग्रॅम आणि कळीचा चुना 100 ग्रॅम, प्रत्येकी पाच लिटर पाण्यात, वेगवेगळ्या प्लास्टिकच्या बादल्यांत. लोखंडी भांडे चालत नाही. दोन्ही द्रावणे तिसऱ्या बादलीत एकाच वेळी ओतत लाकडी काठीने ढवळायची. मग स्वच्छ घासलेले लोखंडी पाते त्यात थोडा वेळ बुडवायचे. त्यावर तांबूस थर चढला तर तांबे मोकळे राहिले आहे असे समजून चुन्याची निवळी आणखी घालायची, नाहीतर कोवळी फळे व पाने भाजतात. केलेले मिश्रण त्याच दिवशी संपवावे लागते. फ्रान्समधील बोर्दो येथे मिलार्दे यांनी 1885 मध्ये द्राक्षवेलीवरील केवडा रोगासाठी हे मिश्रण पुढे आणले, आणि कोकणातील पोफळीला आजही त्याच्याइतके स्वस्त व भरवशाचे संरक्षण सहसा मिळत नाही.

16 जून 2024

पाऊस स्थिरावला आहे. शेजारच्या आगरातील माडांची खालची चुडते (झावळ्या) पिवळी पडून लोंबत आहेत, आणि 'माडांना रोग लागला' असा निरोप आला. प्रत्यक्षात पिवळेपणा फक्त सर्वांत खालच्या चुडतांवर होता, कोंब ताठ आणि हिरवा होता, आणि वरच्या चुडतांवर एकही डाग नव्हता. निरोगी माडाला वर्षाला साधारण बारा नवी चुडते येतात आणि तितकीच जुनी गळतात, त्यामुळे खालचे एखादे चुडत वाळणे हा हिशेबाचाच भाग आहे.

मात्र त्याच आगरातील दोन माडांवर खालची पाच-सहा चुडते एकदम पिवळी आहेत आणि पात्यांची टोके करपली आहेत. नत्र, पालाश (पोटॅश) आणि मॅग्नेशियम कमी पडले तर झाड ती द्रव्ये जुन्या पानांतून काढून नव्यांना पुरवते, त्यामुळे पिवळेपणा खालून सुरू होतो. लोह किंवा जस्त कमी पडले तर ते झाडात सहज हलत नसल्याने नवी पाने आधी फिकी पडतात. जांभ्या दगडावरील जमिनीतून पावसाबरोबर पालाश वाहून जातो, म्हणून येथे पहिला संशय पालाशाचाच घेतला. नोंद डाव्या रकान्यात केली. उजवा रिकामा आहे आणि तो बहुधा रिकामाच राहील.

14 जुलै 2024

कोळे रोग आला. फवारणी केलेल्या आमच्या पोफळींखाली गळ अगदी किरकोळ आहे. ज्या आगरात माणूस न मिळाल्याने फवारणी राहून गेली, तेथे जमिनीवर हिरव्या सुपाऱ्यांचा सडा पडला आहे. गळलेल्या सुपारीच्या देठाकडील टोकाशी पाण्याने भिजल्यासारखा गडद हिरवा डाग असतो आणि तो पसरत पुढे सरकतो. नुसती गळ पाहून निदान करू नये, कारण पोफळीची फळे इतर कारणांनीही गळतात. गळलेल्या काही सुपाऱ्या ओल्या कागदावर ठेवून डबा झाकला. दोन दिवसांत त्यांच्यावर पांढरी, कापसासारखी बुरशी चढली. फायटोफ्थोरा या रोगकारकाचे शरीर असे डोळ्यांना दिसले की शंकेला जागा उरत नाही. उजव्या रकान्यातील ही पहिली नोंद.

हा रोगकारक पाण्यातून पोहणारे बीजाणू तयार करतो, आणि पावसाच्या थेंबांबरोबर ते एका घोसावरून दुसऱ्यावर उडतात. त्यामुळे खाली पडलेली फळे तशीच ठेवणे म्हणजे पुढच्या सरीसाठी रोगाची बेगमी करणे होय. सर्व गळ वेचून आगराबाहेर नेली. आमच्याकडील दुसरी फवारणी पहिलीनंतर 40 ते 45 दिवसांनी व्हायला हवी होती, म्हणजे ती आता देय आहे. उघडीप मिळताच करायची आहे.

21 जुलै 2024

आजची नोंद घाईने कृती करण्यासारखी होती. उताराच्या खालच्या अंगाला, जेथे पाणी साचते, तेथील पाच वर्षांच्या माडाचा मधला कोंब तपकिरी पडून कलला आहे. बाकीची चुडते पूर्ण हिरवी आहेत, आणि यातच फसगत होते : दूरून माड निरोगी दिसतो. कोंब हाताने ओढताच सहज निघून आला, आणि त्याच्या तळाशी कुजका, उग्र वास होता. ही कोंबकूज आहे. तिचा कारकही फायटोफ्थोराच, फक्त जात वेगळी.

माडाला वाढीचा डोळा एकच असतो. तो कुजला तर खालची हिरवी चुडते पुढे काही महिने टिकतात, पण झाड गेलेलेच असते. म्हणून कुजलेला सर्व भाग धारदार कोयत्याने निरोगी पांढरा गर लागेपर्यंत काढला, त्यावर बोर्डो मलम लावले (मोरचूद व चुना प्रत्येकी 100 ग्रॅम, पाणी एक लिटर) आणि पाऊस आत जाऊ नये म्हणून वरून प्लास्टिक बांधले. शेजारच्या माडांच्या कोंबात बोर्डो मिश्रण ओतले.

येथे एक फरक नोंदवून ठेवतो. चुडत उलगडल्यावर त्यावर कात्रीने कापल्यासारखे त्रिकोणी काप दिसले, तर ते गेंड्या भुंग्याचे काम असते, रोगाचे नव्हे. पण त्या भुंग्याने केलेल्या जखमेतून कोंबकूजही शिरते आणि सोंड्या भुंगाही अंडी घालतो, त्यामुळे असे काप दिसलेला माड पावसात पुन्हा पुन्हा पाहावा.

11 ऑगस्ट 2024

आजचा पूर्ण वेळ मोरीमागच्या कागदी लिंबाने घेतला. या एका झाडावर तीन स्वतंत्र तक्रारी आहेत आणि घरात मात्र 'लिंबाला कीड लागली' या एकाच वाक्यात त्या सांगितल्या जात होत्या.

पहिली तक्रार पानांवर, कोवळ्या काड्यांवर आणि फळांवर असलेल्या खरबरीत ठिपक्यांची. बोट फिरवले तर ते उंचवट्यासारखे लागतात, पानाच्या दोन्ही बाजूंना दिसतात, आणि पानावर त्यांच्याभोवती पिवळे वलय असते. हा खैऱ्या आहे. तो बुरशीमुळे नव्हे, तर जिवाणूमुळे होतो. याच पानांवर नागअळीने केलेल्या रुपेरी, वळणदार वाटा आहेत, आणि खैऱ्याचे ठिपके बऱ्याच ठिकाणी त्या वाटांच्या कडेनेच उठले आहेत. अळीने फाडलेल्या पानात जिवाणूला आयता प्रवेश मिळतो, म्हणून नव्या पालवीच्या वेळी नागअळीकडे दुर्लक्ष करून खैऱ्या आटोक्यात येत नाही. रोगट काड्या पाऊस थांबल्यावर, कोरड्या हवेत छाटायच्या आहेत. भर पावसात छाटणी केली तर रोग आपल्या हातानेच पसरतो. छाटणीनंतर कॉपर ऑक्सिक्लोराइड, दहा लिटरला 30 ग्रॅम.

दुसरी तक्रार कोणी केलीच नव्हती, कारण ती बुंध्यावर आहे. जमिनीपासून वीतभर उंचीपर्यंत सालीला उभ्या चिरा असून त्यांतून पिवळसर तपकिरी डिंक ओघळला आहे. चिरेजवळची साल चाकूने हलकेच खरवडली, तेव्हा आतला भाग तपकिरी निघाला आणि त्याला आंबूस वास होता. हा डिंक्या. त्याचे कारण डोळ्यांसमोर होते : मोरीचे पाणी बुंध्याला टेकून साचते, आणि आळे करताना ओढलेली माती खोडावर चढत गेली आहे. तपकिरी भाग खरवडून बोर्डो मलम लावले, बुंध्याशी चढलेली माती काढली, आणि खोडाभोवती मातीचा आतला कडा करून पाणी त्याबाहेरच्या दुसऱ्या आळ्यात वळवले. माझ्या मते या झाडाला औषधापेक्षा पाणी वळवण्याचा उपयोग अधिक होणार आहे.

तिसरी तक्रार पिवळ्या पानांची. नव्या पानांत शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा असून, मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना पिवळेपणा सारखाच आहे. ही जस्ताची कमतरता दिसते. सिट्रस सिला या किडीमुळे पसरणाऱ्या हरितरोगात पानाच्या दोन अर्धांवरील पिवळे ठिगळ एकमेकांशी जुळत नाहीत; त्या रोगाची खात्री मात्र प्रयोगशाळेतच होते. पानाची मध्यावर घडी घालून दोन्ही बाजू ताडून पाहणे ही येथे पुरेशी पहिली चाचणी आहे.

1 सप्टेंबर 2024

आज ज्या ज्या गोष्टींबद्दल विचारणा झाली, त्यांतील बहुतेक रोग निघाल्या नाहीत किंवा उपचाराइतक्या गंभीर नव्हत्या.

पेरू आणि दाट सावलीतील कलमांच्या पानांवर विटकरी, मखमली, गोल ठिपके आहेत. लोक त्याला तांबेरा म्हणतात आणि बुरशीनाशक आणतात. प्रत्यक्षात ते सेफाल्युरॉस नावाचे शैवाल आहे. सावली आणि ओल कमी करणे, म्हणजे आतली गर्दी छाटणे, हा त्यावरचा मुख्य उपाय आहे. रायवळाच्या खोडावरील राखाडी-हिरवी दगडफुले झाडातून काहीच घेत नाहीत. फक्त ज्या फांदीची वाढ मंदावते आणि पाने विरळ होतात, तिच्यावर उजेड अधिक पडल्याने ती जास्त दिसतात, आणि मग दोष त्यांच्यावर येतो. आमरीच्या (ऑर्किडच्या) मुळ्याही सालीवर केवळ टेकलेल्या असतात. दगडफुले किंवा आमरी खरवडून काढू नये, अशी विनंती दोन घरांना केली आहे.

चिकूच्या पानांवरील काळा थर ओल्या अंगठ्याने पुसला आणि खालून स्वच्छ हिरवे पान निघाले. ही काजळी. ती पानात शिरत नाही. वरच्या फांदीवरील रस शोषणाऱ्या किडींच्या गोड स्रावावर वाढते. त्यामुळे काजळी दिसली की काळ्या पानाच्या वर पाहायचे. येथे वर पिठ्या ढेकूण आहेत आणि त्यांना मुंग्यांची राखण आहे.

20 ऑक्टोबर 2024

पावसानंतर कलमांची पाहणी. गडग्यालगतच्या मोठ्या हापूसच्या फांद्या शेंड्याकडून वाळत आहेत, पाने तपकिरी होऊन वर वळली आहेत आणि काही ठिकाणी डिंक आला आहे. दूरून पाहिल्यामुळे एक गोष्ट लगेच लक्षात आली, जी झाडाखाली उभे राहून कळली नसती : वाळलेला सर्व भाग गडग्याच्याच बाजूला आहे. दोन वर्षांपूर्वी त्या बाजूला चिरेबंदी कुंपणासाठी खोल चर खणला होता. त्या बाजूची मुळे तुटली, तिकडच्या फांद्या अशक्त झाल्या, आणि अशक्त लाकडात फांदीमरीची बुरशी शिरली, असा क्रम मी लावतो. वाळलेल्या फांदीचा आडवा छेद घेतला, तेव्हा सालीखाली तपकिरी पट्टा दिसला. नखाने साल खरवडत मागे येत, जेथे ओला हिरवा थर लागला तेथून आणखी वीतभर आत छाट घेतला. प्रत्येक छाटानंतर कात्री स्पिरिटने पुसली आणि जखमांवर बोर्डो मलम लावले. निव्वळ बुरशीनाशक फवारून हे झाड सुधारले नसते, असे वाटते, कारण बुरशी येथे दुसऱ्या क्रमांकाची आहे.

त्याच ओळीतील एका कलमाच्या बुंध्याशी ताजा भुसा सांडलेला आढळला. हे भिरूड, म्हणजे खोड पोखरणारी अळी. भुसा ओलसर आणि फिकट असेल तर अळी आत जिवंत आहे. काळपट व कोरडा असेल तर भोक जुने. तारेचा आकडा घालून अळी ओढून काढली आणि भोक चिखलाने लिंपले. खोडाला गेरू-चुन्याचा पट्टा मारण्याची हौस काही घरांना आहे. देखणा असला, तरी त्या पट्ट्याखाली चिरा, डिंक आणि भोके झाकली जातात, त्यामुळे प्रकल्पाच्या काळात तो न मारण्याचे ठरवून घेतले.

बांडगूळ दोन झाडांवर आहे. त्याला स्वतःची हिरवी पाने असली, तरी पाणी व खनिजे ते आंब्याच्या फांदीतून घेते, आणि त्याच्या फळातील चिकट बी पक्ष्यांमार्फत दुसऱ्या फांदीवर रुजते. नुसते खुडले तर ते पुन्हा फुटते. ज्या गाठीतून ते निघते तिच्याखालून फांदी काढावी लागते.

10 नोव्हेंबर 2024

जुन्या रायवळाच्या बुंध्यावर, जमिनीलगत, पंख्याच्या आकाराची कडक अळंबी आली आहे. वरची पाने हिरवीगार आहेत. ही खूण सर्व नोंदींमध्ये मला अधिक चिंतेची वाटते, कारण अशी अळंबी बाहेर येते तेव्हा आतले लाकूड बराच काळ कुजत असते. ती काढून टाकल्याने काही साधत नाही. लाकडी ठोकळ्याने खोडावर ठोकत फेरी मारली, तेव्हा अळंबीच्या बाजूला पोकळ आवाज आला आणि विरुद्ध बाजूला भरीव. झाड घराच्या पडवीकडे कललेले आहे. आंबा आणि फणस दोन्ही 1964 च्या झाडतोड विनियमन कायद्याच्या अनुसूचीत असल्याने तोडायचे तरी परवानगी लागते. तूर्त पडवीकडील जड फांद्या हलक्या करायच्या आणि वाऱ्या-पावसात त्या बाजूला कोणी बसू नये, एवढे घरच्यांना सांगितले आहे.

22 डिसेंबर 2024

कलमे मोहोरली. पहाटे गारवा आणि मध्येच ढगाळ हवामान असल्याने भुरीची अपेक्षा होती, आणि ती आली. मोहोराच्या दांड्यावर व कळ्यांवर पिठासारखी पांढरी भुकटी आहे. भिंगाखाली ती बुरशीच आहे हे कळते. मोहोर तपकिरी होऊन गळण्याआधी पाण्यात मिसळणारे गंधक, दहा लिटरला 20 ग्रॅम, फवारले. दोन मोहोरांवर वेगळी खूण आहे : काळे, बारीक, एकमेकांत मिसळत जाणारे ठिपके. हा करपा. असा मोहोर ओल्या कागदासह डब्यात ठेवला, तेव्हा डागावर फिकट गुलाबी-नारिंगी पुंजके उठले, ते या बुरशीचे बीजाणू होत. करप्यावर गंधकाचा भरवसा नाही, आणि भुरी समजून त्यावरही तेच मारण्याची चाल सर्वत्र आहे.

मोहोराजवळ गेल्यावर टपटप उडणारे तुडतुडे आणि पानांवरचा चिकट चकाकणारा थर हेही लिहून ठेवले आहे. काजळी तेथे अजून नाही, पण पंधरवड्यात येईल.

26 जानेवारी 2025

फणसाखाली काळ्या बुरशीने वेढलेली लहान बोंडे पडली आहेत. उचलून पाहिली तर बहुतेक नर फुलोरे आहेत. पराग सांडून झाल्यावर ते गळणे आणि त्यांवर काळी बुरशी येणे ही नेहमीची गोष्ट आहे. खोडावरच्या कुयऱ्या निरोगी आहेत. गळ तेवढी उचलून टाकली, कारण तीच बुरशी ओल मिळाल्यास कोवळ्या फळावर जाते.

2 मार्च 2025

नोंदवही चाळली. डाव्या रकान्याच्या मानाने उजवा रकाना फारच लहान आहे, आणि औषधाचा खर्चही त्याच प्रमाणात कमी झाला. लिंबाच्या बुंध्यावर नवा डिंक नाही आणि चिरांच्या कडेने कोवळी साल भरून येत आहे. कोंबकुजीच्या माडाने नवा कोंब काढला आहे. पहिले पान वाकडे आणि आखूड आले, ते अपेक्षित होते. गडग्याजवळच्या हापूसवर फांदीमर पुढे सरकलेली नाही, परंतु त्या बाजूला मोहोर जवळपास आलाच नाही. रायवळाच्या अळंबीचा आकार वाढला असून तिच्या खाली दुसरी उगवली आहे, त्यामुळे तोडण्याच्या परवानगीचा अर्ज आता टाळता येणार नाही.

एप्रिलअखेर मोरचूद आणि ताजा कळीचा चुना आणून ठेवायचा आहे. पोफळीवर चढणाऱ्या माणसाला मेच्या तिसऱ्या आठवड्यासाठी आत्ताच सांगून ठेवले आहे, आणि गेल्या वर्षी फवारणी राहिलेल्या आगराचे नाव या वेळी यादीत पहिले आहे.